आप्पांना न सांगितलेला मुक्काम

पौषातली सकाळ होती. पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीत मी गाडी सुरू करून बसलो होतो आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, फाटकाबाहेर उभे राहून शेजारच्या काकूंना कढीपत्त्याच्या झाडाबद्दल सूचना देत होते. "दोन दिसाआड तांब्याभर टाका. लई नगं, मुळ्या कुजत्यात. आखाडाच्या आत मी येतोच." काकू हो हो म्हणाल्या. माझ्याकडं मात्र त्यांनी पाहिलं नाही. त्यांना ठाऊक होतं. घर विकत घेणारा माणूस आदल्या आठवड्यात त्यांच्याच ओट्यावर बसून चहा पिऊन गेला होता.

धाकटी बहीण शांता गारखेड्याहून रिक्षानं आली होती. बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, आप्पांच्या गोळ्या, सगळं तिनं बांधून आणलं होतं. गुडघे धरत ती पायरीवर टेकली आणि म्हणाली, "दादा, पावसाळ्याच्या आत आणून सोड बरं का. तिकडं दुसरी थंडी लागली तर म्हातारं गोठायचं."

"म्हातारं कुणाला म्हनती गं?" आप्पा म्हणाले. "तुला पायरीवरून उठवायला दोघं लागत्यात, अन् मला म्हातारं म्हन."

सगळे हसले. मीही हसलो. शांते, हे वाचताना तुला ते हसणं आठवेल. तेव्हा व्यवहाराच्या कागदांवर माझी सही होऊन गेली होती.

आपल्यातले जे माझ्यासारखे वाळूजमधून उठून बद्दीला, हरिद्वारला, सिक्कीमला औषधांच्या कारखान्यांत गेले, त्यांना वेगळं सांगायला नको. पहिल्या वर्षी वाटतं, दोन वर्षं अनुभव घ्यायचा आणि परत यायचं. मग मुलांच्या शाळा, मग फ्लॅट, मग हळूहळू 'धुकं' जाऊन 'कोहरा' येतो, 'व्हय' जाऊन 'हांजी' येतं. मी निघालो तेव्हा आई स्टेशनवर एवढंच म्हणाली होती, "पोचला की सांग." तिला वाटायचं पोचणं एकदाच असतं. ती गेली त्या दिवशी मी विमानतळाच्या रांगेत होतो. त्यानंतर आप्पा त्या दोन खोल्यांत एकटे. न्हाणीत पडले, शांतानं धावपळ केली. पुन्हा पडले, पुन्हा शांताच. दर वेळी मी रजा काढून यायचो, उशाशी चार दिवस बसायचो आणि मनातल्या मनात परतीचं तिकीट बघायचो.

घर माझ्या नावावर होतं. अखेरची मेंढरं विकून आप्पांनी ते बांधलं, तेव्हा स्वतःच म्हणाले होते, "सहीला तूच बरा. माझा आंगठा कुठं कुठं नेतोस?" गिऱ्हाईक समोरून चालत आलं. शांताचे गुडघे, आप्पांचं वय, बंद घराची काळजी, अशी कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. ती खोटी नव्हती. पण खरं कारण लहान होतं. मला सुटका हवी होती. फोन वाजला की आधी रजेचा अर्ज आठवायचा, ते मला नको झालं होतं.

आणि न सांगण्यासाठी मी आमच्याच रीतीचा आडोसा घेतला.

आम्ही मेंढरांमागं फिरणारे धनगर. दिवाळी झाली की आप्पांचा वाडा गाव सोडायचा. वाडा म्हणजे दगडामातीचा नव्हे. चार-पाच घरांची मेंढरं, घोड्यांवर लादलेली बिऱ्हाडं, कुत्री, कोंबड्या, पोरंबाळं, हा सगळा चालता पसारा म्हणजे वाडा. ज्याच्या शेतात मेंढरं बसतील त्याच्या शेताला खत, आम्हाला धान्य. वाड्याचा एक कारभारी असायचा, आमच्या वाड्याचे आप्पाच, आणि पुढचा मुक्काम कुठं हे तोच ठरवायचा. त्याला आधी कुणी विचारत नसे, विचारणं अपशकुनाचं. मी आश्रमशाळेत होतो, सुट्टीपुरता वाड्यावर जायचो. एकदा आप्पांना विचारलं, उद्या कुठं जायचं? आई दटावून म्हणाली, "मुक्कामाचं इचारायचं नसतंय."

हे अर्धं मला पाठ होतं. म्हणून "आप्पा, तुम्हाला तिकडं बद्दीला घेऊन जातो" म्हटल्यावर त्यांनी कुठं, किती दिवस, असं काहीच विचारलं नाही, तेव्हा मी हलका झालो. ते मला कारभारी मानत होते. मी ते मानणं वापरलं.

विमानाला ते नाही म्हणाले. "त्याची खिडकी उघडत नाय म्हनं." म्हणून गाडी. कन्नडचा घाट उतरलो, चाळीसगाव, धुळं मागं पडलं. आप्पा माझ्या शेजारी घोंगडं पांघरून बसलेले, काच खाली, वारं तोंडावर. रस्त्यापेक्षा त्यांचं लक्ष शेतांकडं. "हितं कापूस उपटलाय, बसवायला झ्याक." सेंधव्यापुढं, "ह्यो मालक चिक्कू दिसतोय, काट्यांची कुपाटी बघ केवढी घातली." कारखान्यात मला 'सर' म्हणतात, आणि मला गव्हातला आणि हरभऱ्यातला फरक लांबून सांगता येईना. "तू गोळ्याच वळ," ते म्हणाले. इंदूरच्या लॉजमध्ये गीझरचं पाणी पाहून लहान पोरासारखे हरखले. इतकं आनंदात मी त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. प्रत्येक शंभर कोसांवर मी ठरवायचो, आता सांगू. मग ते काहीतरी दाखवायचे आणि ते राहून जायचं.

गुना सोडलं आणि धुकं लागलं. सकाळ वर आली तरी दिवे लावून चालवत होतो. एका वळणावर गाडी थांबवावीच लागली, कारण रस्ता भरून मेंढरं चालली होती. मागं लाल पागोटं, कानात बाळ्या, खांद्यावर काठी घेतलेला मारवाडकडचा एक मेंढपाळ. मी आप्पांना थांबा म्हणेपर्यंत ते खाली उतरले होते.

"किधर कू जारे भाई?" आप्पांनी आमच्या छावणीच्या बाजारातली हिंदी काढली.

"नीचे की तरफ, बाबा. जहाँ चारा मिले."

"हमारा बी था. इससे बडा कळप." एका मेंढीचं तोंड त्यांनी उघडून दात पाहिले. "ये तो मेरे से बी बुढ्ढी है!"

तो माणूस हसला. "इसको बेचूँगा नहीं बाबा. आगे यही चलती है."

"हौ, सही है. आगे वाली कू नै बेचना." मग आप्पांनी माझ्याकडं हात केला, आणि त्या आवाजात अभिमान होता, तो मला आजही ऐकू येतो. "अब कारभारी ये है. चार-छे महिने के वास्ते लेके जारा. आखाड में वापस लायेंगा."

"हम भी बारिश से पहले घर लौटेंगे," तो म्हणाला आणि दोघांनी एकमेकांच्या हातावर टाळी दिली.

मेंढरं धुक्यात गेली. पुढचं काही दिसेना, म्हणून रस्त्याकडेच्या टपरीवर थांबलो. आप्पा चुलीशी हात शेकत बसले. त्या टाळीनंतर मला गप्प राहता येईना. धाडस नव्हतं ते. ओकारी थांबवता येत नाही, तसं झालं.

"आप्पा, आखाडात जायचं नाही आपल्याला."

"मंग भादव्यात जाऊ."

"घर दिलं मी. विकलं. तुम्ही आता माझ्याकडंच राहायचं."

त्यांनी हात चुलीवरून काढले नाहीत. टपरीवाला दूध ढवळत होता. आप्पा म्हणाले, "शांतीला ठाव हाय?"

"नाही."

"काकूला?"

"हो."

मी वाट पाहत होतो की ते शिवी देतील, काठी उगारतील. त्यांनी चहा पूर्ण संपवला, ग्लास खाली ठेवला आणि शांतपणं म्हणाले, "कारभारी आदल्या दिशी सांगत नसतोय, ते खरं हाय. पर निघायच्या टायमाला सांगतोय. मेंढरूबी उठवायच्या आधी त्याला हाक देत्यात रं."

मला माहीत नसलेलं अर्धं ते हे होतं. रोज सकाळी वाडा हलायच्या आधी आप्पा घराघरापुढं उभं राहून मुक्काम सांगायचे, अगदी म्हाताऱ्या आत्यालाही, जिला ऐकू येत नसे. तिला काठीनं दिशा दाखवायचे. मी तेव्हा झोपलेला असायचो.

गाडीशी आल्यावर पुढचं दार सोडून ते मागं जाऊन बसले. दिल्ली ओलांडेपर्यंत त्यांनी काच खाली केली नाही. मी आरशात पाहायचो. ते शेतांकडं बघत नव्हते, नुसते समोर, माझ्या मानेकडं.

आता आखाड सरला. इथल्या पावसानं सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी साचलंय. आप्पांची तब्येत बरी आहे. न्हाणीत धरायला दांडा बसवलाय, डॉक्टर खालच्याच मजल्यावर आहेत. जे सगळं व्हावं म्हणून मी हे केलं, ते सगळं झालंय. त्यांना परत नेता येत नाही, नेणार कुठं? शांताकडं म्हणावं तर तिला स्वतःलाच उंबरा ओलांडताना भिंत धरावी लागते. इथं ठेवता येतात, पण ते राहत नाहीत, नुसते असतात.

रविवारी शांताचा फोन येतो. मी हे लिहितोय ते त्या फोनमुळं. ती विचारते, आप्पा, कधी येताय? घराला कुलूप किती दिवस? तिचे गुडघे आता तिला त्या गल्लीपर्यंत नेत नाहीत. आणि आप्पा माझ्याकडं न बघता सांगतात, "हितं लई बरं हाय गं. पाऊस उघडू दे, बघू." सबंध आयुष्यात त्यांनी कुणाला खोटा मुक्काम सांगितला नाही. आता दर रविवारी माझं खोटं ते आपल्या तोंडानं बोलतात, मुलाची लाज राखायला. शांते, घर गेलंय. ते मी विकलंय. पुढच्या रविवारी आप्पांना विचारू नकोस, मला विचार.

बायको त्यांचं सगळं करते. तिची यात काही चूक नाही. व्यवहाराचं तिलाही मी सही झाल्यावरच सांगितलं. काल दुपारी ती भाजी निवडत होती. आप्पा बाहेरच्या खोलीत आले, सोफ्याजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "हितं बसू का?"

"आप्पा, विचारता काय? तुमचंच घर आहे."

"व्हय," म्हणाले आणि कडेला टेकले.

आज पुन्हा आले, उभे राहिले. मी समोरच होतो. माझ्याकडं पाहून म्हणाले, "बसू का हितं?"

मी बसा म्हणालो.