आजींच्या खोलीतला कॅमेरा

मी आजींचं अंग पुसत होते आणि छतातून पुरुष हसले.

एक नाही, चार-पाच जण. मी वर पाहिलं. कोपऱ्यात वाटीएवढा पांढरा कॅमेरा. आवाज त्याच्यातूनच येत होता. आजी पलंगावर उघड्या, अर्धांगवायूने एक बाजू गेलेली. त्यांनाही ऐकू गेलं. माझा हात तिथेच थांबला.

कोन गावातला तो बंगला. जमीन गोदामांना गेली, त्या पैशातून उभा राहिलेला. दिवे बोलल्यावर लागतात, दार फोनवरून उघडतं. मी तिथे आजींना सांभाळायला जायचे, दिवसपाळीला. आम्ही खारबावच्या बुद्धवाडीतले. पहिल्याच दिवशी घरच्यांनी गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. तेव्हापासून माझा पेला वेगळा, खिडकीत. आतलं बाथरूम मला बंद. एकदा विसरून ओट्यावरचा पेला उचलला, तर किचनच्या कॅमेऱ्यातून दादांचा आवाज, "ए, तो न्हाय. तुझा खिडकीत हाय." दादा म्हणजे आजींचा मुलगा. ते तेव्हा पूर्णा गावात आपल्या गोदामावर बसले होते. घर नवंकोरं, विटाळ जुनाच. त्याला फक्त इंटरनेट जोडलेलं.

बाथरूम नाही म्हणून मी कपडे आजींच्या खोलीतच बदलायचे. कॅमेऱ्याचं मी विचारलं होतं. वहिनी, म्हणजे दादांची बायको, म्हणाल्या होत्या, "तो फक्त पलंग बघतो." मी विश्वास ठेवला.

त्या दिवशी दादांच्या मुलीच्या लग्नाची बोलणी करायला पाहुणे आले होते. घराचा दिमाख दाखवायला दादांनी हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर सगळे कॅमेरे लावले. हे गेट, हे किचन, ही आईची खोली. आवाजाचं बटण चुकून चालू राहिलं असणार. नाहीतर मला कधीच कळलं नसतं.

आजींवर चादर ओढली आणि मी हॉलमध्ये गेले. टीव्हीवर पूर्ण खोली दिसत होती. पलंग, कपाट, आणि दारामागचा कोपरा, जिथे माझी पिशवी टांगलेली. तिथेच उभी राहून मी रोज कपडे बदलायचे. कधीपासून बघतायत? कोण कोण?

"दादा, ते बंद करा. आणि माझं जे काय असेल ते पुसा. माझ्यासमोर."

पाहुण्यांकडे बघून ते हसले. "अगं, चोऱ्यामाऱ्या व्हतात म्हणून लावलाय. तुला कोण बघतंय? कामवाल्या बाईला कसली आलीय लाज!"

होणारे व्याही चहा पीत राहिले. सवयीने माझी मान खाली जायला लागली. आणि मला माझ्याच मानेचा राग आला.

मी खोलीत परत गेले. स्टुलावर चढले. कॅमेऱ्यावर टॉवेल गुंडाळला. लगेच वरून दादांचा आवाज, "टॉवेल काढ. आई दिसत न्हाय मना."

आजींची जीभ जड. तरी त्या बोलल्या, "नको काढू पोरी. नको काढू."

मी नाही काढला. दादा तरातरा आत आले, त्यांनीच ओढून काढला. आईकडे पाहिलंसुद्धा नाही. "उद्यापासून येव नको."

"आधी पुसा."

"ते कॅमेऱ्याच्या कंपनीकडं जातं. माझ्या हातात न्हाय काय."

हे ते खरं बोलले असतील. म्हणूनच जास्त भीती वाटते. माझं उघडं अंग कुठल्या तरी शहरातल्या मशीनमध्ये पडलंय. कोण उघडून बघेल, मला कळणारही नाही.

निघताना आजींना लुगडं नीट गुंडाळलं. त्या माझा हात सोडेनात. सोडवून घ्यावा लागला. त्या अजून त्याच खोलीत आहेत, आणि कॅमेराही.

मी पोलीस ठाण्यात तक्रार दिली. तेव्हापासून फोन येतायत. आधी वहिनींचा, मग गावातल्या एका मोठ्या माणसाचा. "पोरीचं लगीन हाय, मिटवून टाक. व्हिडिओ तुझाच हाय, बोभाटा तुझाच व्हईल."

ही धमकी आहे, मला कळतं. मी घाबरलेय, खोटं कशाला सांगू. पण तक्रार मागे घेणार नाही. त्यात आजींचंही लिहून घ्यायला लावलंय मी. दाखवू देत व्हिडिओ. मी कोर्टात उभी राहीन, आणि त्या दिवशी हॉलमध्ये जे जे बसले होते, त्या एकेकाकडे बोट दाखवीन.