परवाना लागत नाही

माझा थोरला भाऊ सुभेदार म्हणून निवृत्त होऊन कराडजवळच्या आमच्या गावी परतला, तेव्हा गावाने त्याला फेटा बांधून ट्रॅक्टरमधून मिरवलं. पहिला फटाका वाजला तसा तो ट्रॉलीत खाली बसला, तो मिरवणूक संपेपर्यंत उठलाच नाही. लोकांना वाटलं, भरून आलं असेल.

पुढे त्याची झोप गेली. उसाला पाणी पाजायला जायचा आणि बांधावर तासन्‌तास बसून राहायचा. वहिनीने सांगितल्यावर मी त्याला सांगलीला मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या आणि झोप थोडी परतली. पण तिथल्या बाकावर बसायची त्याला लाज वाटायची.

"वळखीचं कुनी भेटलं तर काय सांगू?" तो म्हणाला. "सुभेदार येडा झाला म्हनत्याल."

डॉक्टरांनी गोळ्यांच्या जोडीला कुणाशी तरी नियमित बोलायला सांगितलं होतं. कराडात एसटी स्टँडच्या मागे, कापड दुकानाच्या वर, एका बाईंचं समुपदेशन केंद्र होतं. तिथं जायला तो तयार झाला, कारण खालून बघणाऱ्याला तो कापड घ्यायला आलाय असंच वाटलं असतं. पहिल्या वेळी मी सोबत गेले. मऊ आवाजाच्या, माझ्याच वयाच्या बाई. भिंतीवर फ्रेम केलेली प्रमाणपत्रं होती. ती वाचायचं मला सुचलं नाही. दवाखान्यात गेल्यावर कोण वाचतं?

तासाभराने भाऊ बाहेर आला. डोळे लाल, पण चेहरा हलका. खाली येऊन त्याने मिसळ मागवली आणि वर आणखी एक पाव घेतला. "लय बरं वाटलं," एवढंच म्हणाला. त्या आठवड्यात त्याने वहिनीला फौजेतल्या आपल्या एका जोडीदाराबद्दल सांगितलं, जो त्याच्या शेजारी चालत होता आणि पुढच्या क्षणी नव्हता. इतक्या वर्षांत हे घरात कुणी ऐकलं नव्हतं. मी मनातल्या मनात त्या बाईंच्या पाया पडले.

मी नोकरीच्या गावी राहते, तिथल्या हायस्कूलमध्ये भूगोल शिकवते. त्याच सुमारास मुख्याध्यापकांनी शाळेत समुपदेशन कक्ष काढायचं ठरवलं. मला म्हणाले, "मॅडम, तुम्हाला आवड आहे. सांगलीत शनिवार-रविवारचा कोर्स आहे, करून टाका."

"दोनच दिवसांचा?"

"पुरे की."

वर्ग एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होता. खाली लग्न होतं, मसालेभाताचा वास थेट फळ्यापर्यंत येत होता. आमच्यात एक विमा एजंट, एक योगशिक्षक, एक निवृत्त तलाठी आणि एक ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या बाई होत्या. कोट घातलेले प्रशिक्षक फार सुरेख बोलायचे. समोरच्याच्या डोळ्यांत बघा, मान हलवा, 'मी समजू शकतो' म्हणा. मग हस्ताक्षरावरून स्वभाव, थोडं संमोहन. नैराश्याचा विषय चहाच्या आधी सुरू झाला आणि चहा यायच्या आत संपला.

रविवारी दुपारी जोड्या लावल्या. एकाने अडचण सांगायची, दुसऱ्याने समुपदेशन करायचं. पार्लरवाल्या बाई माझ्यासमोर बसल्या. मला वाटलं, काहीतरी रचून सांगतील. त्या म्हणाल्या, "माझी पोरगी गेली. गळफास घेतला. त्या खोलीला मी अजून कुलूप लावून ठेवलंय. म्हणून तर मी हे शिकायला आले."

माझ्या तोंडून शिकवलेलं वाक्य निघालं, "मी समजू शकते." ते ऐकून त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी मान खाली घातली. मला काहीच समजत नव्हतं. पुढे काय बोलावं, बोलावं की गप्प बसावं, तेही नाही.

"छान," मागून प्रशिक्षक म्हणाले. "पुढची जोडी."

संध्याकाळी सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली, फ्रेमसकट. माझ्या नावापुढे 'समुपदेशन तज्ज्ञ' असं छापलं होतं. मी विचारलं, "सर, लोकांना तपासायचं म्हणजे परवाना काढावा लागेल ना?"

"परवाना लागत नाही," ते हसून म्हणाले. "उद्या बोर्ड लावा. कराडच्या मॅडम आमच्या पहिल्याच बॅचच्या. बघा, आज केवढं नाव आहे त्यांचं."

पत्ता त्यांनी स्वतःहून सांगितला. कापड दुकानाच्या वर.

परतीच्या एसटीत मी ती फ्रेम मांडीवर पालथी घालून बसले होते. आमच्या गल्लीत वडापावची गाडी लावायची तर परवाना लागतो. माझ्या भावाचं मन उघडायला शनिवार-रविवार पुरला होता.

सोमवारी रजा टाकून सकाळीच मी भावाला बघायला गावी गेले. वहिनी चुलीपाशी डाव्या हाताने भाकरी थापायचा प्रयत्न करत होती. उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

"वन्सं, तुमास्नी कळवायचं न्हवतं मला," ती म्हणाली. शनिवारी दोघं शेतात होती. रस्त्यावर उसाच्या ट्रकचा टायर फुटला. भावाने तिला सरीत ढकललं आणि तिच्या अंगावर पडून राहिला. "मनगाट मोडलं तवा मी वरडले. त्यास्नी ऐकूच आलं न्हाई. मला दाबून धरून म्हनत हुते, हलू नकोस, हलू नकोस."

"गोळ्या चालू आहेत ना?"

"त्या गेल्या आठवड्यातच बंद केल्या की. मॅडम म्हनल्या, आता मन घट झालंय, गोळ्यांची सवय बरी न्हवं."

मी भिंतीला टेकले. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत. भाऊ मागच्या दारात उकिडवा बसला होता. त्याला चक्कर येत होती, हात कापत होते आणि तो वहिनीच्या हाताकडे बघत नव्हता.

त्याच दिवशी आम्ही सांगली गाठली. डॉक्टरांनी गोळ्या नव्याने बेताबेताने सुरू केल्या. मी त्यांना विचारलं, "असं कुणीही समुपदेशक होऊ शकतं?" ते म्हणाले, "क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला नोंदणी लागते. त्याचं शिक्षण वेगळं, काही वर्षांचं, अनुभवी माणसाच्या हाताखाली. समुपदेशकांसाठी कायदा आलाय, पण त्याची घडी अजून बसायचीय. तोवर समोरच्याचं शिक्षण किती, हे तुम्हीच विचारायचं."

दोन दिवसांनी मी कराडच्या बाईंकडे गेले. भांडायच्या तयारीने गेले होते. वहिनीच्या हाताचं सांगितलं तशा त्या खुर्चीत मागे झाल्या, चेहरा पांढरा पडला.

"पण त्यांना बरं वाटत होतं," त्या म्हणाल्या. "गोळ्यांबद्दल बोलायचं नसतं, हे मला कुणी सांगितलंच नाही."

"आणखी किती जणांना सांगितलंत?"

त्या टेबलावरच्या वहीची पानं मागे मागे उलटू लागल्या. त्या फसवायला बसल्या नव्हत्या, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. मी म्हटलं, आज सगळ्यांना फोन करा आणि त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवा. माझ्यासमोर त्यांनी पहिला फोन लावला. आवाज तसाच मऊ होता, फक्त थरथरत होता.

भाऊ आता सांगलीला नोंदणी असलेल्या एका तरुण सायकॉलॉजिस्ट मुलीकडे जातो. पहिल्याच भेटीत त्या मुलीने कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं आणि म्हणाली, "त्यातलं मला कळत नाही. ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारायचं." हे सांगताना भावाला अजून नवल वाटतं. पण कराडच्या बाईंना तो वाईट म्हणत नाही. "माझं पयल्यांदा तिनंच ऐकलं," म्हणतो.

वहिनीचं मनगट थोडं वाकडं बसलंय. कणीक तीच मळते, पण परात तो धरतो.

मुख्याध्यापकांना मी कक्ष सांभाळणार नाही म्हणून सांगितलं, का तेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पुढच्या सोमवारी तो कोर्स करायला पीटीच्या सरांना पाठवल्याचं कळलं.