मंदाताईंची मागची सीट

मंदाताईंना कुणी गाडी दाखवली की त्या सरळ मागचं दार उघडून आत बसत. रंग, इंजिन, एमओटीची वार्षिक तपासणी, काही विचारत नसत. गुडघे समोरच्या सीटला टेकतात का बघायचं, मग दोन्ही पाय बाहेर काढून कशाला न धरता उठायचं. उठता आलं तर गाडी चांगली. बर्मिंगहॅममधल्या आमच्या ओळखीच्या बऱ्याच मराठी घरांच्या गाड्या या परीक्षेतून गेल्या आहेत. गाडी विकणारे आधी गोंधळत आणि मग किल्ली हातात घेऊन मुकाट्याने उभे राहत.

मंदाताई माझ्या शेजारी राहत. मी हॉस्पिटलच्या ज्या लॅबमध्ये काम करते, तिथूनच त्या रिटायर झालेल्या. शिफ्ट करून आणि बसची वाट बघून मी इतकी थकले होते, की चार चाकांचं काहीही मला चाललं असतं. दोन दारांची एक छोटी निळी गाडी मी जवळजवळ ठरवलीच होती. आमच्या अरुंद गल्लीत ती कुठेही मावली असती. मंदाताईंनी तिच्याभोवती एक चक्कर मारली.

"मागे कोण बसणार?"

"कुणी नाही हो. मी एकटीच तर आहे."

"आई-बाबा येणारेत ना तुझे नागपूरहून, समरमध्ये?"

"आई पुढे बसेल."

"आणि बाबा टपावर?" त्यांनी निःश्वास सोडला. "गाडी पुढे बसणारा घेतो गं. भोगतो मागे बसणारा."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकलं होतं. त्यामागची गोष्ट मात्र त्या दिवशी त्यांच्या घरी चहा घेताना पहिल्यांदा कळली.

त्यांची पहिली गाडी अशीच होती. लाल, दोन दारांची, त्यांच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, मोठ्या हौसेने घेतलेली. सांगलीहून मंदाताईंची आई सहा महिने राहायला आली होती. काका चालवायचे, नकाशा मंदाताईंकडे म्हणून त्या पुढे, आणि आई मागे. एका रविवारी देवळाच्या कार पार्कमध्ये आई उतरायला लागली आणि अडकली. पुढची सीट दुमडलेली, पाय बेल्टमध्ये, साडी सीटच्या खाचेत, गुडघे वाकेनात. शेवटी काकांनी आणि एका अनोळखी माणसाने दोन हातांना धरून तिला बाहेर ओढलं. मागे थांबलेली गाडी हॉर्न वाजवत होती. आई स्वतःच सगळ्यात जास्त हसली.

"त्यानंतर दर रविवारी एकच. तुम्ही या जाऊन, मी भाजी निवडते. आम्हाला वाटलं, थंडी सोसत नाहीये तिला. ती वारल्यावर माझी बहीण बोलली, आईला म्हणे तुमच्या गाडीची धास्तीच बसली होती." त्यांनी खिडकीकडे बोट केलं. "इथे बसून समोरचा बस स्टॉप बघायची. तिचं इंग्लंड तेवढंच."

निळ्या गाडीचा विषय मी पुन्हा काढला नाही.

त्या लाल गाडीनंतर मंदाताईंनी एकही छोटी गाडी घेतली नाही. प्रत्येक गाडी आधीच्यापेक्षा मोठी. शेवटची करड्या रंगाची, लांबलचक, पार्क करताना सगळ्या गल्लीचा जीव टांगणीला लावणारी. काका गेल्यावर मागे बसायला कुणी उरलं नव्हतं, तरी ती सीट त्या नेमाने व्हॅक्यूम करत. मुलगा रोहन इथेच जन्मलेला. तो वैतागायचा, "आई, तुझा गाडी टू बिग आहे. बॅक सीटवर कोण बसतो?"

"कुणी नाही रे," त्या म्हणायच्या. "दमलेय मी, वाद नको घालूस."

या हिवाळ्यात त्यांची नजर अधू झाली. ड्रायव्हिंग बंद. रोहनने त्यांना लंडनमध्ये, एजवेअरला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. गाडी मी घेतली. घासाघीस केली नाही, तेवढी ताकद दोघींतही नव्हती.

वसंत ऋतूत, जायच्या दिवशी मीच त्यांना सोडायला निघाले. मी पुढचं दार उघडलं, तर त्या मागे जाऊन बसल्या.

"अहो, पुढे बसा ना."

"नको. घेताना बसून पाहिलं तेवढंच. चालत्या गाडीत मागे कधी बसलेच नाही मी. आता आईच्या वयाची झालेय, गुडघेही तिचेच आलेत. बघू दे."

मोटरवेवर त्या काचेला कपाळ टेकून बसल्या होत्या. मेंढ्या, पिवळी शेतं, पुन्हा मेंढ्या. मध्येच म्हणाल्या, "केवढं दिसतं गं इथून." मला आरशात बघवेना.

एजवेअरला रोहन हात द्यायला धावत आला. त्यांनी तो बाजूला सारला. दोन्ही पाय बाहेर काढले, क्षणभर थांबल्या आणि कशाला न धरता उभ्या राहिल्या. रोहन बॅगा काढायला गेला. मंदाताई मात्र उघड्या दारापाशीच, रिकाम्या सीटकडे बघत उभ्या होत्या.

"उतरली असती गं आई," त्या म्हणाल्या. "सहज उतरली असती."