रिकामा सोडलेला रकाना

शेवटच्या फेरीची यादी लागायची होती, त्या दिवशी मी ऑफिसला गेलोच नाही. पोरगी मोबाईल घेऊन बसली होती आणि मी अंगणातल्या नळाची चांगली चालणारी तोटी खोलून पुन्हा बसवत होतो. तिचा मेडिकलला नंबर लागावा, एवढंच मागणं होतं. नाही लागला तर तो माझ्यापायी, हे घरात आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

आम्ही बौद्ध, मूळचे वडनेरचे. मी वर्ध्याला सरकारी नोकरीत लागलो तो राखीव जागेवरच. उन्हाळ्यात एकदा चहाच्या वेळी शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "तुमचं काय बावा, पोरगी परीक्षेले बसली म्हणजे अर्धी डॉक्टर झालीच!" सगळे हसले. मीही हसलो.

प्रवेशाची नोंदणी करताना मी पोरीला म्हटलं, "जातीचा रकाना सोडून दे. ओपनमधूनच घे. उद्या पेशंटनं बोट दाखवायला नको."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "तुमाले नोकरी लागली तवा काऊन नाई लाज वाटली?"

मी सहसा आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. पोरीनं रकाना सोडला.

तिचे मार्क गेल्या वर्षीच्या ओपनच्या यादीत बसत होते, हा माझा आधार. खरं तर रकाना भरला असता तरी, मार्क पुरले असते तर सीट ओपनचीच मिळाली असती. न पुरते तरच राखीव. हा नियम मला पाठ होता. इतरांच्या पोरांना मीच तो समजावून सांगायचो. पण ऑफिसात छाती काढून म्हणायचं होतं ना, की आम्ही मागितलंच नाही!

यंदा ओपनची यादी गेल्या वर्षीपेक्षा वरच्या मार्कांवरच संपली. दोन फेऱ्या कोरड्या गेल्या. रकाना आता बदलता येत नव्हता.

"बाबा," तिनं आतून हाक मारली. आवाजावरूनच कळलं. विहारात तिच्याबरोबर येणाऱ्या, तिच्याहून कमी मार्कांच्या मैत्रिणीचं नाव यादीत होतं. हिचं नव्हतं.

मी पान्हा हातात घेऊन दारात उभा राहिलो आणि सांगून टाकलं, "रकाना सोडायला लावला, ते तुझ्यासाठी नव्हतं बाई. माझ्यासाठी होतं."

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "मले वाटलं, निदान तुमी तरी त्या लोकायपुढं मान वर करून बोलान." मग म्हणाली, "पुढच्या साली फारम मी भरीन. पुरा."

उद्या चहाच्या वेळी शेजारच्या टेबलावरचा तो सहकारी विचारणारच, काय झालं पोरीचं. पेपर कठीण होता, असं सांगणं सोपं आहे. खरं सांगायचं ठरवलंय. तोंड उघडेल की पुन्हा हसू येईल, याची धास्ती आतापासूनच आहे.