तानपुऱ्याच्या पाठीवरचं छिद्र

शेजारच्या सुधाताईंनी दुपारी आपल्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यात चुकून दुसऱ्याच मॉडेलचं अपडेट टाकलं. पडद्यावर ‘अभिनंदन!’ उमटलं आणि तानपुरा मुका झाला. संध्याकाळी त्यांचं गाणं होतं.

“मागे बारीक छिद्र असेल, त्यात टाचणी दाबून धरा. जुनं परत येईल,” दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला.

सुधाताईंनी बांगडीतली सेफ्टी पिन काढली. मी चष्मा लावून छिद्र शोधलं. प्रगतीचं अभिनंदन पडदाभर होतं. माघारी फिरायची सोय मात्र पाठीमागे, नाव न लिहिता ठेवलेली असते. हे यंत्रांपुरतंच खरं असतं तर बरं झालं असतं.

थोड्या वेळाने षड्ज घुमला. “आला बाई!” म्हणत त्यांनी डोळे मिटले. मग पिन बांगडीत न घालता तानपुऱ्याच्या पट्ट्यालाच अडकवली.

“असू दे इथेच,” त्या म्हणाल्या. “पुन्हा अभिनंदन झालं तर?”