बाबांच्या चालीतल्या जादा खुणा

आमच्या वहिनीला जादा काही खपत नाही. झाकण हरवलेला डबा, एकटा उरलेला मोजा, संपत आलेलं पेन, सगळं तिच्या हातून थेट केराच्या टोपलीत. मी एकदा तिला म्हणाले, "मी पण लग्न न करता घरात उरलेय, मला कधी टाकतेस?" तर म्हणते, "तुझा उपयोग आहे. तू भांडतेस छान." अशी ती. आणि याच स्वभावावर तिची नोकरी चालते.

नोकरी ॲनिमेशनच्या कंपनीत. तिथे माणसाला अंगभर पांढरे ठिपके लावलेला काळा सूट घालून चालायला लावतात. कॅमेरे त्याचं हलणं टिपतात आणि संगणकात त्याच्या खुणा उमटतात. त्या खुणांना कीफ्रेम म्हणतात, ऑफिसात नुसतं 'की'. या क्षणी कोपर इथे, त्या क्षणी तिथे, एवढंच ती की सांगते. पण मशीनला अक्कल नसते, ते क्षणाक्षणाला की ठोकत सुटतं. दहा पावलांत हजारो. त्यातल्या नको त्या काढायच्या, हे वहिनीचं काम. तिची कसोटी सोपी आहे. की काढून बघायची, आणि हालचाल तशीच राहिली तर ती की फुकटची होती. हे एक बटण दाबूनही होतं म्हणे, पण वहिनी तांदळातले खडे वेचावेत तशी एकेक की हाताने काढते. जुनी फाइलही ठेवत नाही, साफ केलेली त्याच नावाने सेव्ह करते. दोन-दोन प्रती म्हणजे तिच्या मते पसारा.

मागच्या वर्षी कंपनीला म्हाताऱ्या माणसाची चाल हवी होती. वहिनी बाबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घेऊन गेली. तो घट्ट सूट घालून बाबा लांबलचक खोलीत इकडून तिकडे चालले आणि "या वयात हिरो झालो" म्हणून आठवडाभर त्यांनी आम्हाला पिडलं.

बाबांच्या उजव्या हाताला कंप होता. चहा घेताना कप बशीवर वाजायचा. कंपनीला कंप नको होता, म्हणून वहिनीने मनगटाच्या जादा की काढून टाकल्या. त्या संध्याकाळी बाबांनी चहा घेतला आणि बशी वाजली नाही. आम्ही औषधाला श्रेय दिलं, डॉक्टरांनी स्वतःला दिलं. वहिनीने मात्र मला स्वयंपाकघरात गाठलं.

"ते मनगट मी आज साडेतीनला साफ केलं," ती हळूच म्हणाली.

"मग माझी सर्दी पण साफ करून टाक," मी म्हणाले. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला तिचा ऑफिसातून फोन आला. "बाबांना जरा खोलीत फिरायला लाव आणि डाव्या अंगठ्याकडे बघ." चालताना अंगठा बोटावर घासायची त्यांना सवय होती. बाबा फिरता फिरता भाजीवाल्याच्या तक्रारी सांगत होते, अंगठा आपला घासतोय. "आता," वहिनी फोनवर म्हणाली. अंगठा थांबला. तक्रारी चालूच होत्या, बाबांना काही कळलंसुद्धा नाही. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. खरं सांगते, त्या भीतीत मला थोडा आनंदही झाला.

म्हणूनच पुढचं सगळं माझं पाप आहे. बाबा दर चौथ्या पावलाला थांबायचे आणि उजव्या खांद्यावरून मागे बघायचे. आईचे गुडघे गेले होते, ती नेहमी मागे पडायची, तिच्यासाठी थांबायची ही सवय. आईला जाऊन तीन वर्षं झाली तरी ती सवय गेली नाही. सूट घालूनही ते तसेच थांबले होते. कंपनीने त्या एका चालीवरून गर्दी बनवली, तेव्हा पडद्यावर चाळीस म्हातारे एकाच क्षणी थांबले आणि एकाच क्षणी मागे वळले. दिग्दर्शक खुर्चीत दचकला. ते वळणं काढून टाका, एवढंच तो बोलला.

वहिनी दोन दिवस त्या फाइलला हात लावेना. "ही की फुकटची नाही गं. ही काढली की चालच बदलते."

मीच तिच्या मागे लागले. त्याच आठवड्यात बाबा भर रस्त्यात मागे बघत उभे राहिले होते, स्कूटरवाल्याने ब्रेक मारला म्हणून वाचले. "एक दिवस गाडीखाली येतील, मग बस तुझी कसोटी कुरवाळत," मी तिच्यावर ओरडले. हे कारण खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. रिकाम्या जागेकडे बघत थांबलेले बाबा मला बघवत नव्हते. वहिनीने शेवटी त्या की काढल्या आणि नेहमीसारखं त्याच नावाने सेव्ह केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा फिरायला निघाले. मी खिडकीतून बघत होते. एकदाही न थांबता त्यांनी रस्ता ओलांडला आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. दहा वाजले, अकरा वाजले, बाबांचा पत्ता नाही. मी आणि दादा शोधायला धावलो. गोदामांच्या मागच्या लांबच लांब रस्त्यावर ते दिसले. सरळ चालले होते, प्रत्येक पाऊल आधीच्या पावलाएवढं. आम्ही घसा फुटेस्तोवर हाका मारल्या, पण ते वळले नाहीत. शेवटी मी पुढे जाऊन त्यांचे खांदे धरले.

"बाबा, घरी नाही का यायचं?"

"यायचं की," ते शांतपणे म्हणाले. "पण मागे वळायचं सुचलंच नाही बघ."

घरी आल्यावर त्यांना सगळं आठवत होतं. माझं नाव, दादाचं ऑफिस, भाजीवाल्याशी झालेलं भांडण. मग भिंतीवरच्या आईच्या फोटोसमोर ते उभे राहिले. "चेहरा चांगला आहे," म्हणाले. "कोण आहेत या?"

मी वहिनीला फोन केला. जुनी फाइल नव्हतीच. ती रडत रडत संगणकासमोर बसली. ती हालचाल तिने इतक्या वेळा बघितली होती की तिला पाठ होती. मान, खांदा, डोळे, चौथ्या पावलावर एकेक की तिने हाताने पुन्हा बसवली. तासाभराने म्हणाली, "आता चालायला सांग त्यांना."

बाबा पलंगावरून उठले. चार पावलं टाकली, थांबले, आणि उजव्या खांद्यावरून त्यांनी मागे बघितलं. अगदी तसंच. मला रडूच फुटलं. "वहिनी, जमलं गं!" मी फोनमध्ये ओरडले आणि धावत बाबांच्या मागे जाऊन उभी राहिले, आई असायची त्या जागी. पुन्हा चार पावलं झाली, पुन्हा ते वळले.

"बाबा, कोणाला बघताय?"

त्यांनी मानेवरून हात फिरवला.

"कोणाला नाही गं. मान वळते."