मेट्रनबाईंसमोर बसायचं कसं

मी नर्स होते आणि बाहेरून परीक्षा देऊन, तत्त्वज्ञान घेऊन, बी.ए.ही झाले होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे घरात कुणालाच कळत नव्हतं. मिलमध्ये कारकून असलेल्या वडिलांनी तर माझ्यासाठी शाळेतली नोकरी बघूनही ठेवली. मला मात्र दिल्लीला जाऊन नर्सेसना शिकवण्याचं वरचं शिक्षण घ्यायचं होतं, आणि हट्टात मी वडिलांचीच मुलगी. शेवटी ठरलं, सरकारी निवड झाली तर दिल्ली, नाही तर मुकाट्यानं शाळा.

मध्यभारताची राजधानी तेव्हा आलटून पालटून इंदूर आणि ग्वाल्हेर करायची. माझ्या नशिबानं सरकारी दफ्तरं आमच्या इंदुरात असतानाच मुलाखत लागली. समोर कॉलेजातले एक प्राध्यापक आणि नेमक्या आमच्याच इस्पितळाच्या मेट्रनबाई. प्राध्यापक म्हणाले, बसा. मी हात मागे घेऊन उभीच. मेट्रनसमोर नर्स कधी बसत नसे, अंगात ताप असला तरी नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, मी पुन्हा ‘थँक यू सर’ म्हणून जागच्या जागी. त्यांना तो ताठा वाटला.

मग त्यांनी जरा खोचकपणे विचारलं, तत्त्वज्ञानाचा रोग्याला उपयोग काय? मलाही राग आला. मी म्हटलं, ऑपरेशनला नेताना माणूस विचारतो, मी वाचेन ना? याचं उत्तर मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नाही. पण उत्तर नसलं तरी विचारणाऱ्याजवळ थांबावं, एवढं त्या अभ्यासानं शिकवलं.

प्राध्यापक मेट्रनबाईंकडे वळले. “उत्तर बढिया आहे. पण साधं बसा म्हटलेलं जी ऐकत नाही, ती दुसऱ्यांना काय शिकवणार?”

झालं, मला शाळेची घंटा ऐकू यायला लागली.

मेट्रनबाईंना मात्र हसू आवरेना. ताठ्यामुळे नाही सर, माझ्या धाकामुळे उभी आहे, असं त्यांनी सांगितलं. मग उठून स्वतःच्या शेजारची खुर्ची ओढली.

“बैठो, बाई. दिल्लीहून परत आल्यावर माझ्या बाजूलाच बसून शिकवायचंय तुम्हाला. आत्तापासनं आदत करा.”

त्यांनी मला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. मी बसले. मला इतका आनंद झाला होता, की पुढचा प्रश्न काय होता तेच मी ऐकलं नाही.